कव्हरवरची चिन्हांची पट्टी: मराठी डिस्क-प्रकाशकांना खुले पत्र

नाटके, चित्रपट, कीर्तने आणि मैफली डिस्कवर काढणारे मराठी प्रकाशक, आणि त्यांची कव्हरे रचणारे माझे व्यवसायबंधू-भगिनी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या प्रकाशकांनी मला एक कव्हर नजरेखालून घालायला पाठवले. पाच जुन्या नाटकांचा संच, दिवाळीच्या भेटीसाठी, ब्लू-रे डिस्कवर. काम देखणे होते. प्रयोगांचे जुने फोटो निगुतीने साफ केलेले, नटसंचातले एकही नाव गाळलेले नाही, ऑर्गन आणि तबल्याची साथ करणाऱ्यांचीही नावे दिलेली. मग मागची बाजू उघडली. तळाशी नेहमीची पट्टी होती. ब्लू-रेचे निळे चिन्ह, डॉल्बी या ध्वनितंत्राच्या कंपनीचे एकमेकांकडे वळलेले दोन डी, डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालते ते सांगणारे विभागाचे अक्षर, आणि प्रकाशनसंस्थेच्या नावाच्या खांद्यावर वर्तुळातला इंग्रजी आर. मी फोन केला.

"डिस्क कुठल्या कारखान्यात काढताय?"

"कारखाना कशाला? शंभर तर संच आहेत. घरच्या बर्नरवर होतील दोन आठवड्यांत."

डॉल्बीचे विचारले, तर आवाज रंगमंचासमोरच्या एकुलत्या मायक्रोफोनवर घेतलेला. वर्तुळातल्या आरचे विचारले, तर नावाच्या नोंदणीचा अर्ज अजून करायचाच होता.

ते गृहस्थ लबाड नाहीत. स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्यांनी ही नाटके वाचवली आहेत. पट्टी त्यांना कुणीतरी दिलेल्या कोरल-ड्रॉच्या फाइलमधून मिळाली, आणि तशी ती नसली तर कव्हर अपुरे दिसते म्हणून त्यांनी ठेवली. हे पत्र मी त्या एका संचाबद्दल लिहीत नाही. गेल्या वीस वर्षांत मराठी डिस्कांच्या शेकडो कव्हरांवर अशा पट्ट्या मी पाहिल्या, आणि त्यांपैकी काही मी स्वतः लावल्या. म्हणून आधी माझे सांगते.

२००५ साली मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पोटमाळ्यावर डीटीपीची कामे करत होते. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांच्या जाहिराती, आणि नव्याने येऊ लागलेली व्हीसीडी-डीव्हीडीची इनले कार्डे, म्हणजे डबीत घालायचे छापील कव्हर. एका संगीत नाटकाच्या डीव्हीडीचे काम आले. प्रकाशक म्हणाले, "मागे ते डीव्हीडीचं वगैरे सगळं टाका, जसं हिंदी पिक्चरला असतं." मी दुकानातून एका परदेशी चित्रपटाची डबी आणली, कव्हर स्कॅनरवर ठेवले, खालची पट्टी उचलली आणि साफ केली. त्या पट्टीत पृथ्वीच्या गोलावर १ हा आकडा होता. तो उत्तर अमेरिकेचा विभाग आहे, भारताचा डीव्हीडीतला विभाग ५, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पट्टीत डॉल्बी होते, ५.१ होते, म्हणजे अनेक स्पीकरांतून येणारा आवाज. आमच्या डिस्कवर साधा मोनो, एकेरी आवाज होता. आणि डिस्क होत्या डीव्हीडी प्लस आर, एका संगणकावर रात्रभर बर्न केलेल्या, तीनशे.

महिनाभराने इस्लामपूरहून एक काका आले. एसटीने स्वारगेटला उतरून, विचारत विचारत, पोटमाळ्याच्या लाकडी जिन्यावरून वर. सत्तरीच्या पुढचे. पिशवीत नाटकाची डबी होती, आणि सोबत त्यांच्या डीव्हीडी प्लेअरचा पुठ्ठ्याचा खोका, रिकामा. त्यांनी दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खोक्यावरच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे चिन्ह माझ्या मशिनवर आहे. तेच तुमच्या डबीवर आहे. मग चालत कशी नाही?"

काकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी अक्षरे वाचली नव्हती, चित्र जुळवले होते. आणि त्यांनी ते अगदी बरोबर केले होते. डिस्कच्या प्रकाराचे चिन्ह जन्माला येते तेच मुळी या कामासाठी: यंत्रावर आहे तेच डबीवर दिसले तर निर्धास्त विकत घ्या. चूक होती ती माझी. मी खोटे चित्र छापले होते आणि त्यांनी त्यावर विश्वास टाकून पैसे दिले होते, वर एसटीचे भाडे.

त्या दिवसापासून मी ही चिन्हे म्हणजे काय हे शिकायला लागले. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते, कारण आपल्या धंद्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही.

आपण मराठीत सगळ्यालाच सीडी म्हणतो. पिक्चरची सीडी, कीर्तनाची सीडी, लग्नाची सीडी. बोलताना ते चालते. पण १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीच्या आत किती वेगवेगळ्या गोष्टी असतात. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी कॉम्पॅक्ट डिस्कचे नियम ठरवले, १९८२ मध्ये ती बाजारात आली. ते नियम ज्या दस्तऐवजात आहेत त्याला त्याच्या कव्हरच्या रंगावरून रेड बुक म्हणतात. व्हिडिओ सीडीचे व्हाइट बुक १९९३ चे. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात विक्रीला आली, आणि तिचे चिन्ह वापरू देण्याचा कारभार २००० सालापासून डीव्हीडी फॉरमॅट/लोगो लायसन्सिंग कॉर्पोरेशन या तोक्योच्या कंपनीकडे गेला. "डीव्हीडी लोगो हे या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे" असे बारीक इंग्रजी वाक्य प्लेअरच्या माहितीपुस्तकात तुम्ही पाहिले असेल. ब्लू-रेचे तसेच. फेब्रुवारी २००२ मध्ये नऊ कंपन्यांनी मिळून ती जाहीर केली, पुढे ब्लू-रे डिस्क असोसिएशन झाली, आणि तिथे चिन्हाबरोबर 'ब्लू-रे' हे नावसुद्धा नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. निळ्या रंगाच्या इंग्रजी शब्दातले शेवटचे ई हे अक्षर मुद्दाम गाळले, कारण रोजच्या वापरातला शब्द काही देशांत नोंदता येत नाही. देवनागरीत लिहिले की ती गाळलेली जागा दिसतच नाही. आपल्या वाचकाला 'ब्लू-रे' हा सरळ 'निळा किरण' असाच ऐकू येतो, म्हणून त्याला मालक आहे हे आपल्या मनात येत नाही.

मालकी आहे म्हणजे नुसती पैशांची वसुली आहे, असे मलाही आधी वाटायचे. ते पूर्ण खरे नाही, आणि याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

२००१-०२ च्या सुमारास मोठ्या संगीत कंपन्यांनी कॉपी होऊ नये म्हणून सीडीत मुद्दाम फेरफार करायला सुरुवात केली. संगणकाच्या ड्राइव्हला ती वाचताना अडचण यावी, असा हेतू होता. त्यापायी काही गाड्यांतल्या आणि घरातल्या प्लेअरवरही त्या अडखळू लागल्या. दिसायला त्या सीडीच. तेव्हा फिलिप्सने जाहीरपणे सांगितले की या डिस्क रेड बुकच्या नियमांत बसत नाहीत, म्हणून त्यांवर कॉम्पॅक्ट डिस्कचे चिन्ह छापता येणार नाही. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून कुठला नवा कायदा आला नव्हता. चिन्हाच्या मालकाने चिन्ह काढून घेण्याचा हक्क वापरला, एवढेच. २००४ मध्ये ड्युअलडिस्क आली, एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशी चिकटवलेली. साधी सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, ही दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि तिच्या सीडीच्या बाजूचा थर ठरल्यापेक्षा पातळ. तिच्या सीडीच्या बाजूलाही ते चिन्ह मिळाले नाही. ज्याला चिन्हांचा अर्थ ठाऊक होता त्याला दुकानातच कळले असते की इथे काहीतरी वेगळे आहे, कारण चिन्हाची जागा रिकामी होती.

रिकामी जागासुद्धा बोलते, ती अशी. म्हणून ती भरण्याची घाई करू नका, असे माझे आर्जव आहे.

माझ्या प्लस आर डिस्कांचीही हीच कथा निघाली. कोऱ्या डीव्हीडीत त्या काळी दोन तट होते. डॅश आर हा प्रकार डीव्हीडी फोरम या मूळ संघटनेचा. प्लस आर हा फिलिप्स, सोनी आणि त्यांच्या सोबत्यांच्या आघाडीचा. मूळ संघटनेने प्लसला मान्यता दिली नव्हती, म्हणून त्या डिस्कांवर डीव्हीडीचे प्रसिद्ध चिन्ह नसायचे. त्यांचे स्वतःचे वेगळे चिन्ह असायचे. म्हणजे ज्या कोऱ्या डिस्कच्या कारखानदाराने स्वतः ते चिन्ह छापले नव्हते, तिच्या डबीवर ते मी छापले. इस्लामपूरच्या काकांचा जुना प्लेअर प्लस आर ओळखत नव्हता. कोऱ्या डिस्कच्या पाकिटावर नीट पाहिले असते तर उत्तर तिथेच होते.

आता कायद्याचे. मी वकील नाही, पण व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मी कलमवार वाचला आहे आणि तुम्हीही एकदा वाचा. दुसऱ्याचे नोंदलेले चिन्ह परवानगीवाचून आपल्या मालावर लावणे हे उल्लंघन, हे कलम २९. खोटे चिन्ह किंवा मालाचे खोटे वर्णन लावणे हा कलम १०३ खाली गुन्हा, त्याला कैद आहे. 'सगळेच लावतात' हे त्यावरचे उत्तर नव्हे. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टी दादांविरुद्धच्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेट आणले, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपली नाटके चोरणाऱ्याला स्थानबद्ध करावे असे आपल्याला वाटते, आणि त्याच नाटकाच्या डबीवर दुसऱ्याचे चिन्ह उचलताना हात अडखळत नाही. हे दोन्ही एका हाताने करता येणार नाही.

पण त्याच कायद्यात आपल्यासारख्या लहान माणसासाठी वाटही आहे. कलम ३० सांगते की मालाचा प्रकार, गुण, उपयोग प्रामाणिकपणे दाखवण्यासाठी केलेला शब्दांचा वापर उल्लंघन ठरत नाही. चिन्ह म्हणजे विशिष्ट वळणाने काढलेले चित्र. ते चित्र न लावता साध्या अक्षरांत, आपल्या मराठी टाइपात, 'ही डीव्हीडी आहे' असे लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या अनुभवात याने एकही प्रत कमी खपत नाही. उलट गिऱ्हाईक वाचते. 'डीव्हीडी प्लेअर आणि संगणकावर चालते. संगणकावर तयार केलेली प्रत आहे, काही जुन्या प्लेअरवर चालणार नाही. न चालल्यास बदलून किंवा पैसे परत मिळतील.' ही ओळ मी २००६ पासून छापते आहे. परत आलेल्या डिस्क बोटांवर मोजण्याइतक्या. मात्र रागावून आलेले गिऱ्हाईक एकही नाही.

वर्तुळातल्या आरबद्दल मी अधिक कडक बोलणार आहे, कारण तिथे परवान्याच्या शुल्काची अडचणही पुढे करता येत नाही. तो आर म्हणजे 'हे चिन्ह भारतात नोंदलेले आहे' असे विधान आहे. नोंदणी झालेली नसताना तो लावणे कलम १०७ खाली येते. पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैदेऐवजी आर्थिक दंड आणला. अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली असे नाही. परदेशात नोंदणी असेल तर तसे तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत लिहावे लागते. टीएम ही दोन अक्षरे मात्र कुणालाही लावता येतात. आपल्या कायद्यात त्यांना वेगळे स्थान नाही, 'हे नाव मी माझे मानतो' एवढाच त्यांचा अर्थ. ज्यांना आपल्या संस्थेच्या नावाचा अभिमान आहे त्यांनी नोंदणी जरूर करावी. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, अँटॉप हिलला, अर्ज घरबसल्या होतो, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. तोवर टीएम लावा. आणि कॉपीराइटचा वर्तुळातला सी, ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा वर्तुळातला पी आणि हा आर ही तीन भावंडे नाहीत. एका कीर्तनाच्या डिस्कवर बुवांच्या नावापुढे आर छापलेला मी पाहिला आहे. बुवांची नोंदणी कोण करणार?

सगळ्यात वाईट मला याचे वाटते की जी माहिती कायद्याने डबीवर हवीच, ती या पट्टीपायी जागा नाही म्हणून गाळली जाते. कॉपीराइट कायद्यात १९८४ पासून कलम ५२ अ आहे. व्हिडिओच्या डबीवर आणि दाखवतानाही, तो तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, आवश्यक परवानगी घेतली असल्याचे निवेदन, हक्कदाराचे नाव-पत्ता, आणि चित्रपट असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, एवढे हवे. किती मराठी डिस्कांवर हे सगळे सापडते? तुमच्या कपाटातली कुठलीही दहा काढून पाहा. चार चिन्हे असतील, पत्ता नसेल. तीस वर्षांनी कुणी त्या नाटकाच्या हक्कदाराला शोधू पाहील, तेव्हा डॉल्बीचे दोन डी त्याला काहीही सांगणार नाहीत.

तुमची बाजू मला कळते, कारण ती माझीही आहे. २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. त्यांच्यामागे स्वतःचे अजस्र कारखाने होते. त्या भावाशी टक्कर देताना आपल्यातले कितीतरी जण मोडले. कारखान्यात साचा करून डिस्क छापून घ्यायची तर हजाराच्या खाली हिशेब जमत नाही, आणि मराठी नाटकाच्या हजार प्रती खपायला आता किती वर्षे लागतील? म्हणून शंभर प्रती घरी बर्न होतात. ब्लू-रेत तर अडचण आणखी मोठी. कारखान्यात छापलेल्या चित्रपटाच्या ब्लू-रेवर एएसीएस हे कॉपी रोखणारे कुलूप सक्तीचे आहे, प्रकाशकाची इच्छा असो वा नसो, आणि त्याचा करार वेगळा, शुल्क वेगळे. हे नियम हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या मापाने शिवले आहेत आणि लहान भाषांतल्या लहान प्रकाशकाचा विचार त्यात झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याबद्दल आपण सगळ्यांनी मिळून ब्लू-रेच्या संघटनेला लिहायला हवे. मसुदा करायला मी तयार आहे. पण दाराचे भाडे परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या घराची पाटी आपल्या दारावर लावत नाहीत.

आणि भाडे न भरण्याचे पुढे काय होते तेही पाहिले पाहिजे. १२ जुलै २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने फिलिप्सच्या डीव्हीडी प्लेअरमधल्या पेटंटबद्दल निकाल दिला. चीनमधून भाग आणून आपल्या नावाने प्लेअर जुळवणारे छोटे उद्योजक समोर होते. पेटंटची मुदत २०१५ च्या फेब्रुवारीतच संपली होती, तरी तोवरच्या प्रत्येक प्लेअरमागे डॉलरांत रक्कम ठरवून ती द्यायला सांगितले गेले. ते पेटंट होते, आपला विषय चिन्हाचा. फरक एवढा की पेटंट वीस वर्षांनी संपते. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नवे करत राहिले तर संपतच नाही. 'डीव्हीडी आता जुनी झाली, कोण विचारतो' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जुनी झाली म्हणूनच तर मला हे लिहावेसे वाटले. आमच्या पेठेतल्या ग्रंथालयाने गेल्या वर्षी त्यांच्या संग्रहातल्या मराठी डिस्क तपासायला मला बोलावले. खोकेच्या खोके. कव्हरे पाहून त्यांनी दोन ढीग केले होते, चिन्ह असलेल्या 'चांगल्या' आणि नसलेल्या 'घरगुती'. मी एकेक डिस्क उलटी करून प्रकाशात धरली. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी दिसते. बर्न केलेल्या डीव्हीडीला जांभळट झाक असते, कारण तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावरच खुणा केलेल्या असतात. तो थर ऊन, दमट हवा यांनी खराब होतो. चंदेरी डिस्कच्या आतल्या कड्यावर बहुधा आयएफपीआय या अक्षरांनी सुरू होणारा बारीक संकेत सापडतो, मास्टर कुठे झाले आणि डिस्क कुठल्या साच्यातून निघाली हे सांगणारा. 'चांगल्या' ढिगातल्या निम्म्याहून अधिक डिस्क जांभळ्या निघाल्या. काही वाचता येत नव्हत्या. आधी कळले असते की या बर्न केलेल्या आहेत, तर ग्रंथपालांनी त्यांच्या प्रती पाच-सात वर्षांपूर्वीच काढून ठेवल्या असत्या. त्यांनी चिन्हावर विसंबून त्या सुरक्षित मानल्या. एका दिवंगत गायिकेच्या मैफलीची डिस्क त्यात होती. दुसरी प्रत अजून सापडलेली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्याकडे फिरणारी ती चिन्हांची फाइल पुसून टाका. तिच्यात व्हीसीडीपासून ब्लू-रेपर्यंत सगळे आहे, अगदी २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने बंद केलेल्या एचडी डीव्हीडीचे चिन्हसुद्धा. कारखान्यातून डिस्क काढत असाल तर त्यांच्याकडे त्या प्रकाराचा परवाना आहे का, आणि त्या परवान्यात तुमच्या कव्हरवर चिन्ह लावण्याची मुभा येते का, हे लेखी विचारा. उत्तर आले तर चिन्ह अभिमानाने लावा, मालकाने ठरवलेल्या मापात, ताणून-दाबून नव्हे. उत्तर आले नाही तर शब्द लिहा. कोऱ्या डिस्कवर तिच्या कारखानदाराने छापलेले चिन्ह ही त्या कोऱ्या डिस्कबद्दलची हमी आहे, आपण तिच्यावर काय भरले त्याबद्दलची नाही, म्हणून ते उचलून कव्हरवर आणू नका.

शब्द लिहाल ते मराठीत लिहा. चित्र पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचे की एनटीएससी या अमेरिकेतल्या, हे न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीला डिस्क पाठवणाऱ्या आईला कळायला हवे. अमेरिकेतल्या बहुतेक साध्या प्लेअरवर पाल चालत नाही, आणि विभागाचे बंधन नसले तरी हे बंधन उरतेच. आवाज मोनो असेल तर मोनो म्हणा. त्यात कमीपणा कसला? त्या रात्री नाट्यगृहात एकच मायक्रोफोन होता, हा त्या प्रयोगाचा इतिहास आहे. डिस्क बर्न केलेली असेल तर तसे लिहा आणि तारीख घाला. मूळ टेप कुठे, कुणाकडे आहे हे जमल्यास लिहा.

आणि कव्हर करणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, प्रकाशक 'ते सगळं टाका' म्हणाले तर त्यांना विचारा, 'सगळं' म्हणजे नेमके काय काय. मी २००५ मध्ये विचारले नाही.

दिवाळीच्या त्या संचाच्या प्रकाशकांनी माझे ऐकून घेतले. पट्टी काढली आहे. त्या जागेत आता साथीदारांची नावे मोठ्या टाइपात बसली, आणि पत्ता.

आपली,
पुण्यातली एक जुनी कव्हरकार

ता. क. इस्लामपूरच्या काकांना मी त्या दिवशी तेच नाटक व्हीसीडीवर काढून दिले, दोन डिस्कांत, कारण एका व्हीसीडीत ७४ मिनिटे मावतात. ती त्यांच्या प्लेअरवर चालली, तसे त्यांनी पोस्टकार्डाने कळवले. त्या नाटकाची मूळ मिनीडीव्ही टेप मला यंदा उन्हाळ्यात त्या प्रकाशकांच्या वारसांकडे मिळाली. नवी प्रत काढते आहे. मागच्या कव्हरचा मजकूर असा: 'डीव्हीडी. संगणकावर तयार केलेली प्रत. पाल. मोनो. विभागाचे बंधन नाही. दुसऱ्या अंकात चार मिनिटे आवाज नाही, मूळ टेपमध्येही नाही.'